परांजपेबाईंचा चार्ज

खांबेटेकाका कार्टून बघायला बसताना बूट घालतात.

एरवी त्यांच्या पायात निळ्या पट्ट्यांची स्लीपर असते. तीच घालून ते भाजी आणतात, बँकेत जातात, आणि एकदा तर सोसायटीतल्या एका लग्नाच्या रिसेप्शनलाही जाऊन आले. पण रविवारी सकाळी चहा-नाश्ता आटोपला की ते मोजे चढवतात, पॉलिश केलेले काळे बूट घालतात, नाड्या आवळतात आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, नंतर कुठे बाहेर जायचं असेल. तसं विचारलंही.

"नंतर कशाला? आत्ताच निघतोय," काका म्हणाले. "जहाज सुटतंय. ड्यूटीवर चप्पल चालत नाही."

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि नोएडात फ्लॅट घेऊन राहिले. कोणत्या मंत्रालयातून, हे ते सांगत नाहीत. "गोपनीय," एवढंच म्हणतात. पण आमच्याकडे आले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिच्या पायावर स्टोअरचा नंबर शोधतात, त्यावरून माझा आपला एक अंदाज आहे. नोकरी सुटली तरी त्यांची भाषा सुटलेली नाही. दार उघडलं की ते "येऊ का आत?" असं विचारत नाहीत, "उपस्थित आहात का?" असं विचारतात. कुणी काही सांगितलं की "नोटेड". टाळायचं असलं की "पुट अप करा, बघू". आणि एखादा विषय अगदीच नको असला, की शेवटचं अस्त्र: "हा विषय माझ्या सेक्शनचा नाही."

आता त्या कार्टूनबद्दल. ती फार जुनी जपानी मालिका आहे, अंतराळातली. तिचं नाव काकांनाही माहीत नाही, कारण ते जपानीत लिहिलंय. तरुणपणी काकांना परदेशी पोस्टिंग मिळालं, आणि ते व सुमनकाकू दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या क्वार्टरमधून उठून थेट टोकियोला गेले. जपानी दोघांनाही येत नव्हतं. बाहेर कडाक्याची थंडी, ओळखीचं कुणी नाही, आणि टीव्हीवर दर आठवड्याला एक जहाज आकाशात उडायचं. मग दोघांनी त्याची गोष्ट आपल्या मनानेच लावली. काकूंनी एकेक भाग टेप केला. परत येताना बाकीचे लोक कॅमेरे आणि घड्याळं आणायचे, यांनी त्या टेप आणल्या. त्या आपल्याकडच्या मशीनवर चालत नाहीत म्हणून तिथलाच टीव्ही आणला, तिथलाच व्हिडिओ आणला, आणि त्या दोघांना आपली वीज सोसावी म्हणून एक घरघरणारा ट्रान्सफॉर्मरही आणला. हल्ली सगळं नेहरू प्लेसच्या दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून घेतलंय, तरी ट्रान्सफॉर्मर टीव्हीखाली आहेच. तो रेकॉर्डवर आहे, त्यामुळे टाकता येत नाही.

गोष्ट तशी साधी आहे. पृथ्वीवरचं पाणी संपलंय आणि एक जुनाट जहाज दूरच्या ग्रहावरून बर्फ आणायला निघालंय. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आम्हा नोएडावाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. काका त्या जहाजाला टँकरच म्हणतात. बाकी सगळा कारभार मात्र सरकारी आहे. पांढऱ्या मिशांचे कप्तान हे जोशीसाहेब, डेप्युटेशनवर आलेले. तापट डोक्याचा वैमानिक हा बंड्या, अजून कन्फर्म झालेला नाही म्हणून एवढ्या उड्या मारतो. साफसफाई करणारा यंत्रमानव हा गणपत शिपाई. आणि जांभळा झगा घालून सिंहासनावर बसलेला, प्रत्येक भागात टँकरची वाट अडवणारा जो दुष्ट आहे, तो फायनान्स, म्हणजे अर्थखातं. त्याला वेगळं नाव द्यायची गरज काकांना कधी वाटली नाही.

काका टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि सगळ्यांच्या वतीने स्वतः मराठीत बोलतात. पडद्यावर आगीचे लोळ उठतात, जहाज गदागदा हलतं, आणि जोशीसाहेब शांतपणे म्हणतात, "घाबरू नका. हल्ल्याची नोंद घेण्यात आली आहे." बंड्या दात-ओठ खाऊन काहीतरी किंचाळतो, म्हणजे तो रजा मागत असतो. फायनान्स हात उंचावून गडगडाटी हसतो आणि म्हणतो, "आक्षेप!" शुक्रावरच्या राणीचा आवाज तर काका असा लाडिक काढतात की मागे बसलेल्या बायका पदरात तोंड लपवून हसतात.

मी नोएडातच एका डबिंग कंपनीत काम करते. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत आणि हिंदीत लिहिणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे काकांचं डबिंग सुरुवातीला माझ्या अगदी डोक्यात जायचं. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की पात्राचे ओठ मिटले की वाक्य संपलं पाहिजे. काकांचे जोशीसाहेब तोंड मिटूनही खुशाल बोलत राहायचे.

"काका, त्यांचे ओठ बंद आहेत," मी म्हणायची.

"अच्छा? मग मनात म्हणत असतील," काका म्हणायचे. "वरिष्ठ माणूस सगळं तोंडाने बोलत नसतो."

रविवारचा हा खेळ हळूहळू सोसायटीतल्या सगळ्या मराठी घरांचा झाला. कुणी पोहे आणायचं, कुणी सतरंज्या. आमची मुलं दिल्लीत वाढलेली, मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवणारी. आमच्या रागावण्याने जे झालं नाही ते काकांच्या टँकरने केलं. शेजारची सई एकदा आपल्या आईला म्हणाली, "मम्मा, मला भूख लागलीय, तात्काळ कार्यवाही कर." आईला रडावं की हसावं ते कळेना. पण वाक्य शेवटपर्यंत मराठीत गेलं होतं, भूख वगळता, आणि त्या घरात त्या दिवशी शिरा झाला.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या रणभूमीवर जाते. तिथल्या स्मारकापुढे सगळ्यांचे डोळे भरून येतात, कुणी माती कपाळाला लावतं. काकाही बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रसद पोचली नाही ना वेळेवर. लढाईचं मी काही बोलत नाही, पण रसद पोचायला हवी होती." परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "आपला टँकर पोचला असेल का गं?"

कारण खरी मेख अशी होती, की त्या मालिकेचा शेवटचा भाग काकांनी पाहिलेलाच नव्हता. तो लागायच्या आधीच त्यांची बदलीची ऑर्डर आली आणि दोघं दिल्लीत परतली. टँकर बर्फ घेऊन निघालेला, पृथ्वी समोर दिसतेय, आणि टेप संपते. काकू म्हणायच्या, पोचला. काका म्हणायचे, फायनान्स इतक्या सहज सोडणार नाही. हा वाद त्यांच्या घरात वर्षानुवर्षं चालला. काकू जाऊन काही वर्षं झाली, तरी वाद निकाली निघालेला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. टँकरवर वायरलेसपाशी एक बाई बसते. कानाला यंत्र, केसांची बट कपाळावर. काका तिला परांजपेबाई म्हणतात. ती बोलायला लागली की काका गप्प होतात. टीव्हीतून बारीक जपानी आवाज येत राहतो, आणि तिचं संपलं की काका जोशीसाहेबांचं उत्तर मराठीत देतात. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी, तसं ते वाटायचं. "नको बाई, किल्ल्या तुमच्याकडेच असू द्या. मी हरवतो," असं जोशीसाहेब सारखे म्हणायचे. पहिल्याच भागात, वाजतगाजत जहाज आकाशात झेपावतं, परांजपेबाई मागे वळून काहीतरी विचारतात, आणि जोशीसाहेब खाली मान घालून म्हणतात, "विसरलो." काय विसरले, यावर आमच्याकडे बरेच तर्क झाले. कुणी म्हणायचं नकाशा, कुणी म्हणायचं शत्रूचा परवलीचा शब्द. सईचं ठाम मत होतं की पेट्रोल.

काकांना विचारलं की एकच उत्तर यायचं, "तो विषय माझ्या सेक्शनचा नाही."

यंदा पावसाळ्यात आमच्या ऑफिसात जुन्या जपानी मालिकांचा एक गठ्ठा आला. पहिलीच मालिका लावली आणि पडद्यावर पांढऱ्या मिशा दिसल्या. "जोशीसाहेब!" मी ओरडले. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "कौन जोशी?" मी थेट शेवटचा भाग उघडला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, त्यामुळे खरी गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. बर्फ आणि जहाज एवढं सोडलं तर काका-काकूंनी सगळं चुकीचं लावलं होतं. बंड्या कप्तानांचा मुलगा होता, फायनान्स सख्खा भाऊ. मला हसू आवरेना.

मग शेवट आला आणि माझं हसू मावळलं. टँकर पोचतो. पण बर्फाचा डोंगर नीट उतरवायचा तर कुणीतरी जहाजाच्या मागच्या भागात थांबायला हवं, आणि तो भाग परत येणार नसतो. थांबते ती वायरलेसवाली. पृथ्वीवर पाणी येतं, परांजपेबाई येत नाहीत.

शेवटचा भाग सापडल्याचं सांगितलं तेव्हा काकांनी स्लीपर काढून बूट घातले आणि मगच खुर्चीत बसले. "कंपनीची परवानगी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाखवायची परवानगी घेतलीय. "बिल्कुल रीतसर?" म्हटलं, बिल्कुल. मग त्यांनी जाहीर केलं की हा भाग घरी बघायचा नाही. गणेशोत्सवात, मंडळाच्या स्टेजवर, सगळ्यांसमोर बघायचा.

"आधी एकदा बघून घ्या ना," मी म्हटलं. "तयारी होईल."

"तयारी चाळीस वर्षं चाललीय," काका म्हणाले. "सुमन असती तर तिने आधी बघू दिलं असतं का? आणि तिच्या पार्टाचं काय करायचं हा प्रश्नच नाही. ते पद रिक्त आहे."

"कोणतं पद?"

"परांजपेबाईंचं. टोकियोत कामाची वाटणी झाली होती आमची. बाकी सगळे माझ्याकडे, परांजपेबाई तिच्याकडे. म्हणाली, एकच बोलीन, पण माझं मी बोलीन." काका बुटांकडे बघत होते. "तिच्या जागी भरती करायची नाही असं ठरवलंय मी."

शेवट काय आहे ते मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. शेवटची काही मिनिटं कापून टाकावीत, असंही मनात आलं. हाताशी मशीन होतं, काम दहा मिनिटांचं. पण ज्या शेवटावर नवरा-बायकोने जन्मभर वाद घातला, त्याला माझी कात्री लागू द्यायला मन धजेना. "काका, शेवट जरा जड आहे," एवढंच म्हणाले.

"नोटेड," काका म्हणाले.

मंडळाच्या सेक्रेटरी देवधरबाईंना पटवणं वेगळंच प्रकरण होतं. "काका, यार, गणपतीत कार्टून?" त्या म्हणाल्या. "लेझीम आहे, नाट्यगीतं आहेत, मध्येच हे जपानी काय? लोक काय म्हणतील?"

"कोणत्या नियमाखाली मनाई आहे?" काकांनी विचारलं.

देवधरबाईंनी मंडळाची घटना चाळली. जपानविषयी तिच्यात काहीच नव्हतं. लेझीम आणि महाप्रसाद यांच्यामधला अर्धा तास मंजूर झाला.

कार्यक्रमाच्या दिवशी कम्युनिटी सेंटरचा हॉल खच्चून भरला होता. लेझीमसाठी दिल्ली कँटोन्मेंटमधून जवान आले होते, कोल्हापूर-साताऱ्याकडचे, सोबत त्यांच्या घरच्या बायका आणि पोरं. लेझीम संपवून ते पांढऱ्या सदऱ्यांतच पुढच्या रांगांत बसले. जेवणाचा वास यायला लागला होता आणि लोक चुळबुळत होते. काका काळा बंदगळ्याचा कोट आणि आरशासारखे बूट घालून स्टेजच्या कडेला माइकपाशी उभे राहिले.

पहिली पाच मिनिटं लोक नुसते बघत राहिले. मग बंड्याने रजेचा अर्ज केला आणि जवानांच्या रांगेत हशा पिकला. "नामंजूर!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि पडद्यावर जोशीसाहेबांनी खरोखरच नकारार्थी मान हलवली. मग हॉल काकांच्या हातात आला. फायनान्स उभा राहिला तसे सगळे सरकारी नोकर एका सुरात "आक्षेप" म्हणाले. टँकरने फायनान्सचा किल्ला फोडला तेव्हा शिट्ट्या झाल्या, आणि देवधरबाई खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. काकांनी हा भाग आयुष्यात पाहिलेला नव्हता, पण एक वाक्य अडखळत नव्हतं. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, असं डबिंग मी ऐकलेलं नाही.

मग तो प्रसंग आला. परांजपेबाई मागच्या भागात गेल्या आणि दार बंद झालं. काच मध्ये, अलीकडे जोशीसाहेब, पलीकडे त्या. परांजपेबाई बोलायला लागल्या.

काका गप्प झाले. त्यांना कळलं होतं, ते त्यांच्या पाठीवरून मला दिसलं. हॉलमध्ये नुसता जपानी आवाज येत राहिला. एक अक्षर कुणाला कळत नव्हतं आणि पोरंसुद्धा हलत नव्हती. परांजपेबाईंचं बोलणं संपलं. जोशीसाहेब काचेपाशी उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. मूळ मालिकेत ते इथे काही बोलतच नाहीत.

काकांनी घसा खाकरला.

"परांजपेबाई," ते म्हणाले, "आपली सेवा अत्यंत समाधानकारक राहिली. आजपासून आपल्याला कार्यमुक्त करण्यात येत आहे." पुढचं बोलले ते जोशीसाहेबांच्या आवाजात नव्हतं. "चार्ज मी घेतला. किल्ल्या द्या इकडे. आता नाही हरवणार."

पुढच्या रांगेतला एक हवालदार उठून सावधान उभा राहिला. चार्ज देणं-घेणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग त्याची सगळी रांग उठली, मग मागच्या रांगा. पडद्यावर बर्फ कोरड्या नद्यांमध्ये वितळत होता, आणि उभ्या हॉलसमोर काकांनी माइक तोंडाशी धरून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "टँकर पोचला!" गणपती विसर्जनालाही आमच्याकडे एवढा गजर होत नाही. जवानांनी काकांना खांद्यावर घेतलं. त्या गर्दीवर त्यांचे ते बूट तेवढे चमकताना दिसत होते. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

उतरल्यावर काका घामाघूम होऊन माझ्यापाशी आले. "सुमन जिंकली," म्हणाले. "पोचला म्हणत होती ती." आणि महाप्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढच्या रविवारी मी जरा घाबरतच खाली गेले. वाटलं होतं, आता हा खेळ संपला. दार उघडं होतं, सतरंज्या घातलेल्या होत्या, सईने पुढची जागा पकडली होती. काका बूट घालून खुर्चीत ताठ बसलेले. त्यांनी पहिला भाग पुन्हा लावला. बँड वाजला, धूर उठला, टँकर आकाशात झेपावला. परांजपेबाईंनी कपाळावरची बट मागे सारली, मागे वळल्या आणि बोलायला लागल्या. आम्ही सवयीने गप्प झालो.

काका गप्प झाले नाहीत. आवाज बदलला नाही, बाईचा वगैरे काढला नाही. आपल्या साध्या, घरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अहो, आतून स्वेटर घातलात का?"

मग त्यांनी मान खाली घातली आणि जोशीसाहेबांचं उत्तर दिलं.

"विसरलो."